हरितमार्गाची राखण : नागरी प्रकल्पांवरील लोकदेखरेखीचा चिकित्सक विचार

बीजशब्द : हरितमार्ग, लोकसहभाग, लोकदेखरेख, नदीकाठ विकास, नागरी स्थानिक स्वराज्य

प्रस्तावना

शहराच्या मध्यातून जाणारी वापरात नसलेली रेल्वेची पट्टी, नाल्याचा काठ किंवा नदीचा तट यांवर झाडी राखून पायी चालणाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी सलग वाट तयार केली जाते, तेव्हा तिला नागरी नियोजनाच्या परिभाषेत हरितमार्ग असे म्हणतात. उद्यानाला कुंपण असते व त्याचा परिणाम बहुधा आसपासच्या वस्तीपुरता राहतो. हरितमार्ग लांबट असतो. तो बंगल्यांच्या वसाहतीमागून निघतो, चाळींना वळसा घालतो आणि झोपडवस्तीच्या दारातून पुढे जातो. त्यामुळे त्याचे लाभ आणि त्याची झळ यांची वाटणी कधीच सारखी होत नाही. अशा मार्गाच्या नियोजनावर व बांधकामावर नजर कोणी ठेवावयाची, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

गेल्या काही दशकांत या प्रश्नाचे उत्तर ‘लोकसहभाग’ या एका शब्दात देण्याची प्रथा पडली आहे. बहुतेक प्रकल्प अहवालांत या नावाचे एक प्रकरण असते. किती बैठका झाल्या, किती नागरिक उपस्थित होते, किती सूचना आल्या याची नोंद त्यात असते. त्या सूचनांचे पुढे काय झाले, हे मात्र त्यात क्वचितच सापडते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की सहभाग आणि देखरेख या दोन भिन्न गोष्टी असून पहिलीच्या नावाखाली दुसरी टाळली जात आहे. मत देण्याची संधी मिळाली की सहभाग पूर्ण होतो. देखरेखीला त्याहून अधिक काही लागते. शेतकरी पिकाची राखण करतो ती दाणा भरू लागल्यापासून धान्य घरी येईपर्यंत. मध्येच एक दिवस बांधावर उभे राहून येण्याला कोणी राखण म्हणत नाही.

हे प्रतिपादन तपासण्यासाठी अमेरिकेतील बॉस्टन व अटलांटा या दोन शहरांतील हरितमार्ग निवडले आहेत. दोन्ही ठिकाणी नागरिकांच्या देखरेखीची रीतसर व्यवस्था होती, हे या निवडीचे कारण. जेथे व्यवस्थाच नाही तेथील अपयश दाखविणे सोपे असते. जेथे ती आहे तेथे ती कोठे अपुरी पडली हे पाहणे अधिक उपयुक्त होय. त्या आधारे अखेरीस पुण्यातील नदीकाठ प्रकल्पाचा व आपल्या राज्यातील कायद्यांचा विचार केला आहे.

आर्नस्टीन यांची शिडी आणि तिची मर्यादा

लोकसहभागाची चर्चा शेरी आर्नस्टीन यांच्या १९६९ मधील लेखाशिवाय सुरू होत नाही. अमेरिकन नियोजनकारांच्या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या लेखात त्यांनी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या दोन पायऱ्यांवर सहभागच नाही, मधल्या तीन पायऱ्यांवर तो नावापुरता आहे आणि वरच्या तीन पायऱ्यांवर नागरिकांच्या हाती खरी सत्ता येते, अशी ही मांडणी आहे. माहिती देणे व सल्ला घेणे या गोष्टींना त्यांनी मधल्या पायऱ्यांवर बसविले, हे त्यांचे मोठे योगदान होय. नागरिकांना बोलावले म्हणजे त्यांचे ऐकले, हा समज त्यांनी मोडून काढला.

तथापि ही शिडी एकच गोष्ट मोजते, ती म्हणजे सत्तेचे प्रमाण. नागरिकांच्या हाती किती अधिकार आहे याचे उत्तर तिच्यावरून मिळते. तो अधिकार कशावर चालतो आणि केव्हापासून केव्हापर्यंत चालतो, या दोन प्रश्नांना तिच्यात जागा नाही. एखादी समिती वरच्या पायरीवर असेल, पण तिच्यापुढे केवळ दिव्यांच्या खांबांचा रंग ठरविण्याचे काम असेल, तर त्या उंचीचा उपयोग काय? याउलट केवळ सल्ला देणारी समिती पहिल्या रेखाटनापासून देखभालीपर्यंत उपस्थित असेल, तर तिचे वजन शिडीवरील जागेपेक्षा अधिक भरू शकते. म्हणून प्रस्तुत लेखात देखरेखीला तीन कसोट्या लावल्या आहेत : तिचा विषय काय, तिचा काळ किती आणि तिला उत्तर देण्यास कोण बांधील आहे.

बॉस्टन : विरोधातून उभी राहिलेली देखरेख

बॉस्टनचे साउथवेस्ट कॉरिडॉर उद्यान हे न झालेल्या महामार्गाच्या जागेवर उभे आहे. साउथ एंड, रॉक्सबरी व जमैका प्लेन या भागांतून आंतरराज्य महामार्ग क्रमांक ९५ शहराच्या गाभ्यात आणण्याची योजना होती. त्यासाठी १९६० च्या दशकात घरे व दुकाने पाडून जमीन मोकळी करण्यास सुरुवातही झाली होती. महामार्गाआधी माणसे, या आशयाची घोषणा जमैका प्लेनमधील रेल्वेच्या भरावावर मोठ्या अक्षरांत रंगविली गेली. वस्त्यांच्या संघटित विरोधानंतर राज्यपाल फ्रान्सिस सार्जंट यांनी १९७० मध्ये बॉस्टन परिसरातील बहुतेक महामार्गांची कामे स्थगित करून फेरविचार सुरू केला आणि १९७२ मध्ये हा महामार्ग सोडून दिला. महामार्गासाठी राखलेला केंद्रीय निधी सार्वजनिक वाहतुकीकडे वळविण्याची मुभा १९७३ च्या कायद्याने मिळाली. त्यातून मोकळ्या पट्टीत रेल्वेमार्ग व त्याच्या अंगाने सुमारे साडेसात किलोमीटर लांबीचे उद्यान असा प्रकल्प आकारास आला. नव्या मार्गावरील ऑरेंज लाइन मे १९८७ मध्ये सुरू झाली.

देखरेखीच्या दृष्टीने येथे दोन बाबी लक्षणीय आहेत. एक, नागरिक आले तेव्हा नकाशा ठरलेला नव्हता. आधीचा नकाशा त्यांनीच रद्द करावयास लावला होता. प्रत्येक स्थानकाच्या परिसरासाठी रहिवाशांचे कृतिगट होते आणि आराखड्याच्या तपशिलांवर त्यांच्याशी वाटाघाटी होत. पूर्वी रेल्वे उंच भरावावरून जाई व वस्तीचे दोन तुकडे करी. नव्या रचनेत रूळ जमिनीच्या पातळीखाली नेण्यात आले आणि साउथ एंडच्या बाजूस त्यांवर छत घालून त्यावर उद्यान करण्यात आले. दुसरी बाब अशी की काम संपल्यावर देखरेख संपली नाही. उद्यानाच्या व्यवस्थापनासाठी रहिवाशांची सल्लागार समिती नेमण्यात आली. सामुदायिक बागांचे वाफे रहिवाशांनी कसावयास घेतले. काळाच्या कसोटीवर हा प्रकल्प उतरतो, असे म्हणावयास हरकत नाही.

विषयाच्या कसोटीवर मात्र त्यातही उणीव दिसते. नवी रेल्वे पट्टीतून धावू लागताच वॉशिंग्टन स्ट्रीटवरील जुनी उन्नत रेल्वे बंद करून पाडण्यात आली. तिच्यावर अवलंबून असलेला रॉक्सबरीतील डडली चौक, जो २०१९ पासून न्यूबियन चौक म्हणून ओळखला जातो, रेल्वेविना राहिला. हा प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या वस्तीचा परिसर होय. या मार्गाला पर्याय म्हणून सिल्व्हर लाइनची बससेवा सुरू व्हावयास २००२ साल उजाडले. पंधरा वर्षांची ही तूट कोणत्याही स्थानकाच्या कृतिगटाच्या कक्षेत बसत नव्हती. देखरेखीची सीमा पट्टीच्या सीमेशी जुळविली होती आणि नुकसान त्या सीमेबाहेर झाले.

अटलांटा : कायद्याने दिलेली देखरेख

अटलांटाचा बेल्टलाइन प्रकल्प वेगळ्या वाटेने आला. रायन ग्रॅव्हेल यांनी १९९९ मध्ये जॉर्जिया टेक येथे पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंध लिहिला. शहराभोवतीच्या जुन्या मालवाहू रेल्वेच्या पट्ट्या जोडून सुमारे २२ मैलांचे म्हणजे ३५ किलोमीटरचे वर्तुळ करावे व त्यावर रेल्वे चालवावी, अशी ती कल्पना होती. पुढे तिला पायवाटा, उद्याने व घरबांधणी यांची जोड मिळाली. विद्यार्थ्याचा प्रबंध शहराचे धोरण बनला, ही गोष्ट आपल्यासारख्या अध्यापकांना कौतुकाची वाटणे स्वाभाविक आहे.

नगर परिषदेने २००५ च्या अखेरीस या प्रकल्पासाठी पंचवीस वर्षांचे विशेष करक्षेत्र मंजूर केले. त्याची पद्धत समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व प्रश्न तिच्यातून निघतात. क्षेत्रातील मालमत्ताकराची त्या वेळची रक्कम गोठविली जाते. पुढे जमिनीच्या किमती वाढून जो जादा कर येईल तो प्रकल्पाकडे वळतो व त्याच्या भरवशावर कर्जरोखे काढले जातात. या मंजुरीतच लोकदेखरेखीची तरतूद होती. नागरिकांचा समावेश असलेली करक्षेत्र सल्लागार समिती, विभागवार अभ्यासगट आणि रोख्यांच्या उत्पन्नातील पंधरा टक्के रक्कम परवडणाऱ्या घरांच्या निधीसाठी, अशी ती व्यवस्था होय. २०३० पर्यंत अशी ५,६०० घरे उभी करण्याचे उद्दिष्टही ठरले. कागदावर याहून व्यापक विषय क्वचितच कोणत्या देखरेख समितीला मिळाला असेल.

प्रत्यक्षात काय घडले? ईस्टसाइड मार्ग २०१२ मध्ये खुला झाला आणि लगेच लोकप्रिय झाला. घरांचा निधी मात्र मंद राहिला. शाळांचा कर अशा कामासाठी वापरण्यास राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मनाई केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये घटनादुरुस्ती करून मार्ग काढावा लागला, तोच मंदीने जमिनीच्या किमती खाली आणल्या. पुढे किमती वाढल्या तेव्हा त्या परवडणारी घरे उभी राहण्याच्या वेगापेक्षा कितीतरी जलद वाढल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये खुद्द ग्रॅव्हेल यांनी प्रकल्पाच्या भागीदारी संस्थेच्या संचालकपदाचा राजीनामा दिला. नॅथॅनिएल स्मिथ या दुसऱ्या संचालकांनीही तेच केले. परवडणारी घरे व सामाजिक न्याय यांकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, हे त्यांचे कारण होते. २०१७ मध्ये वृत्तपत्रीय शोधवार्तांनी घरांचे उद्दिष्ट किती मागे पडले आहे हे उघड केले आणि त्या वर्षी अंमलबजावणी संस्थेचे नेतृत्व बदलले. मार्गाभोवतीच्या नव्या भाड्याच्या इमारतींत ठरावीक वाटा परवडणाऱ्या घरांचा असावा, हा नियम २०१८ च्या आरंभी लागू झाला. तोपर्यंत करक्षेत्राला बारा वर्षे झाली होती. नंतरच्या काळात घरांच्या कामाला गती आली, हे नोंदविणे न्याय्य ठरेल. परंतु आधीच हललेली कुटुंबे त्या गतीने परत येत नाहीत.

येथे डॅन इमरग्लुक यांच्या २००९ मधील अभ्यासाची आठवण होते. प्रकल्पाची चर्चा वृत्तपत्रांत सुरू झाली त्या काळातच, म्हणजे प्रत्यक्ष बांधकामाच्या कितीतरी आधी, नियोजित करक्षेत्राजवळील घरांच्या किमती वाढू लागल्याचे त्यांनी दाखविले. याचा अर्थ असा की हरितमार्गाचा परिणाम घोषणेपासून सुरू होतो. देखरेख समिती मात्र मंजुरीनंतर जन्मास येते. ती कितीही दक्ष असली तरी तिचे येणे वरातीमागून घोडे अशा प्रकारचे ठरते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. ज्या किंमतवाढीमुळे जुना भाडेकरू वस्तीतून हलतो, त्याच किंमतवाढीच्या करातून मार्ग बांधला जातो. अशा स्थितीत समितीने भाडेकरूंची बाजू घेणे म्हणजे प्रकल्पाच्या उत्पन्नावर बोट ठेवणे होय. सल्ला देणाऱ्या व उत्तर मिळवू न शकणाऱ्या समितीला हे भार पेलणारे नव्हते. तिची नजर योग्य जागी होती असे धरले, तरी तिच्या म्हणण्याने काही थांबत नव्हते. शेतात उभे असलेले बुजगावणेही चोहीकडे पाहतेच. पाखरे त्याला एकदा ओळखून चुकली की त्याचा धाक उरत नाही.

एका आक्षेपाचा विचार

लोकदेखरेखीविरुद्ध एक आक्षेप नेहमी घेतला जातो. तिच्यामुळे कामे लांबतात, खर्च वाढतो आणि अखेर ज्यांना सायंकाळी बैठकीला जाण्याची सवड आहे अशा सुस्थित लोकांचाच आवाज मोठा होतो, असा तो आहे. यातील शेवटचा भाग गंभीर आहे व तो टाळून चालणार नाही. न्यूयॉर्कच्या हाय लाइनचा अनुभव त्याला दुजोरा देतो. १९९९ मध्ये दोन रहिवाशांनी सुरू केलेल्या नागरी मंडळाने ती उन्नत रेल्वे पाडण्यापासून वाचविली व २००९ मध्ये तिचा पहिला टप्पा खुला झाला. त्या दोघांपैकी रॉबर्ट हॅमंड यांनी पुढे २०१७ मध्ये जाहीरपणे मान्य केले की शेजारच्या सार्वजनिक गृहवसाहतींतील रहिवाशांच्या गरजा जाणून घेण्यात आपण कमी पडलो. नागरिकांनी चालविलेला प्रकल्पही सर्व नागरिकांचा असतोच असे नाही.

परंतु यावरून देखरेख नको असा निष्कर्ष निघत नाही. देखरेखीत कोणाला जागा आहे हे आधी ठरवावे, एवढाच निघतो. विलंबाच्या आक्षेपाबाबतही असेच म्हणता येईल. बॉस्टनने फेरविचारासाठी काही वर्षे दिली, त्यामुळे शहर एका महामार्गापासून वाचले. तो विलंब तोट्याच्या रकान्यात मांडणे कठीण आहे.

पुण्याचा नदीकाठ आणि आपले कायदे

अटलांटाचे करक्षेत्र २००५ च्या अखेरीस मंजूर झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे माहितीचा अधिकार कायदा पूर्णत्वाने लागू झाला आणि डिसेंबरमध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू झाले. या अभियानाच्या निधीसाठी राज्यांनी लोकसहभागाचा कायदा करावा, अशी अट होती. त्यानुसार महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. ग्रामसभेचा नागरी अवतार म्हणून तिच्याकडे पाहिले गेले. मात्र नियमित भरणारी क्षेत्रसभा आपल्या शहरांत अपवादानेच आढळते. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेण्याची स्तुत्य पद्धत सुरू केली, परंतु तिचा विषय प्रभागातील छोट्या कामांपुरता आहे.

या पार्श्वभूमीवर पुण्याच्या मुळा-मुठा नदीकाठ विकास प्रकल्पाकडे पाहावे लागते. सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या नदीकाठावर बांध, बागा, पायवाटा व सायकलमार्ग करण्याची ही योजना आहे. तिची पायाभरणी ६ मार्च २०२२ रोजी झाली. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत महापालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत कारभार प्रशासकाकडे राहिला. म्हणजे प्रत्यक्ष बांधकामाच्या जवळजवळ चार वर्षांत नागरिकांची देखरेख तर दूरच, निर्वाचित नगरसेवकांची देखरेखही नव्हती. प्रकल्पाची बरी-वाईट बाजू क्षणभर बाजूस ठेवली तरी ही गोष्ट स्वतंत्रपणे चिंतेची आहे.

नागरिक गप्प बसले नाहीत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली गेली. एप्रिल २०२३ मध्ये झाडे वाचविण्यासाठी मोठी पदयात्रा निघाली. या विरोधाला झाडांचे रूप का आले, याचा विचार झाला पाहिजे. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाडे तोडण्यापूर्वी जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात. प्रादेशिक व नगररचना कायदा, १९६६ मध्येही विकास आराखड्याच्या मसुद्यावर हरकती व सुनावणीची तरतूद आहे, पण मसुदा तयार झाल्यावर आणि एकदाच. पर्यावरणीय परवानगीसंबंधीच्या २००६ च्या अधिसूचनेने बांधकाम व क्षेत्रविकासाच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले आहे. तेव्हा काम चालू असताना नागरिकाच्या हाती उरतो तो झाडाच्या हरकतीचा अर्ज. पात्र किती अरुंद होईल, पुराचे पाणी कोठे चढेल, काठावरच्या वस्तीचे काय होईल, हे प्रश्न त्या अर्जात बसत नाहीत. लोक झाडासाठी भांडतात ते झाडावर प्रेम असते म्हणून, हे खरेच. पण कायद्याने नदीसाठी भांडण्याचा रकानाच ठेवलेला नाही, हेही तितकेच खरे.

तिन्ही कसोट्या येथे लावल्या तर चित्र असे दिसते. विषय तुकड्यांत वाटला आहे. काळ आरंभीच्या एखाद्या टप्प्यापुरता आहे. आणि उत्तराची बांधिलकी न्यायालयात गेल्याखेरीज कोणावरच नाही. बॉस्टनची उणीव सीमेची होती, अटलांटाची अधिकाराची. आपल्याकडे अद्याप व्यवस्थेचीच उणीव आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी सुचविता येतील. पहिली, देखरेख समिती घोषणेबरोबर नेमावी, निविदेनंतर नव्हे. कारण जमिनीच्या किमती घोषणेची वाट पाहत असतात. दुसरी, तिचा विषय मार्गाच्या रुंदीपुरता न ठेवता ज्यांच्यावर परिणाम होतो त्या वस्त्यांपर्यंत न्यावा आणि भाडेकरू, फेरीवाले व काठावर राहणारे यांना तीत जागा असावी. तिसरी, समितीच्या लेखी आक्षेपाला ठरावीक मुदतीत कारणांसह लेखी उत्तर मिळेपर्यंत संबंधित टप्प्याचे देयक अदा होऊ नये. समितीला आराखडा बदलण्याचा अधिकार द्यावा, असे येथे म्हणावयाचे नाही. उत्तर मागण्याचा अधिकार द्यावा, एवढेच म्हणावयाचे आहे. यासाठी क्षेत्रसभेची तरतूद अस्तित्वात आहे. ती वापरात आणावयाची आहे.

शेवटी एक गोष्ट स्वतःला उद्देशून. अशा प्रकल्पांच्या बैठकांना महाविद्यालयीन अध्यापकांना तज्ज्ञ म्हणून बोलाविले जाते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात. त्यांची संख्या व आपली उपस्थिती अहवालातील लोकसहभागाच्या प्रकरणात जमा होते. पुढच्या वेळी हजेरीपटावर सही करण्यापूर्वी मागील बैठकीतील सूचनांचे काय झाले, एवढे विचारण्याचा हक्क आपल्याला निश्चित आहे. उत्तर न मिळाल्यास तेही त्याच पटावर, सहीशेजारी, लिहून ठेवता येईल.